पाहिले तेवढेच सांगू

वाचन: यिर्मया १०:१-५ आणि प्रेषितांची कृत्ये १:६-११





लेंटचे दिवस आले की आमच्या मंडळीत एक आठवण हमखास निघते. कोणी हसत काढते, कोणी जरा ओशाळून. ती सगळ्यांसमोर मांडावी असे आम्हा स्वयंसेवकांना बरेच दिवस वाटत होते. त्यात आमची एक चूक आहे, आणि चूक लपवून ठेवली तर तिच्यापासून कोणी काही शिकत नाही.

तारीख २ एप्रिल २०२२, शनिवार. त्या दिवशी गुढीपाडवा होता. इंदूरच्या त्या कॉलनीतल्या मराठी घरांच्या गुढ्या सूर्यास्ताला उतरल्या होत्या. मागच्या गल्लीतले मुसलमान शेजारी रमजानचा चंद्र पाहायला गच्चीवर चढले होते. आणि आम्ही लेंटमधल्या घरगुती प्रार्थनासभेसाठी एका कुटुंबाच्या गच्चीवर सतरंज्या अंथरून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी लेंटचा पाचवा रविवार होता. पावणेआठचा सुमार असेल. शेवटचे गीत चालू होते, तेवढ्यात शब्बाथ शाळेतल्या एका मुलाने बोट वर केले आणि ओरडला, "ते बघा, ते बघा!"

गीत तिथेच थांबले. आकाशातून एक पेटलेला गोळा चालला होता. तारा तुटतो तसा लखकन येऊन विझणारा नव्हता. तो सावकाश चालला होता, आणि त्याच्यामागे लहानमोठे पेटते तुकडे एका ओळीत, जणू दिवे लावलेली वरात. आवाज काहीच नव्हता. शेजारच्या गच्च्यांवरूनही "या अल्लाह", "अरे देवा", "ओ माय गॉड" असे सगळे उद्गार एकदमच आले. मग तो दूर घरांच्या आड गेला. कोणी हात जोडले होते, कोणी मोबाइल वर धरला होता, आणि आमच्यातल्या एका ताईंनी आपल्या बाळाचे डोळे झाकले होते.

आता आमची चूक. त्यानंतर अर्ध्या तासात आमच्यापैकी एकाच्या फोनवर एक संदेश आला. कोणी लिहिला, कुठून आला, काही पत्ता नाही. प्रकटीकरणाच्या आठव्या अध्यायात तिसरा कर्णा वाजल्यावर दिवटीसारखा पेटलेला तारा आकाशातून पडतो, त्याचे नाव कडूदवणा, हे आपण वाचले आहे. त्या संदेशात लिहिले होते की आज मध्य भारतावर दिसला तो हाच तारा, शेवट दाराशी आला आहे, हे दहा विश्वासणाऱ्यांना पाठवा. आणि आम्ही तो पाठवला, मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, खाली हात जोडल्याचे चिन्ह घालून. ज्या ग्रुपवर उपासनेची वेळ येते आणि आजाऱ्यांसाठी प्रार्थनेची विनंती येते, त्याच ग्रुपवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळीतल्या एक आजी उपासनेच्या तासभर आधीच येऊन बाकावर बसल्या होत्या. एकट्या राहतात. डोळे लाल झालेले. रात्रभर दिवा लावून बसल्या होत्या म्हणे. रक्तदाबाची गोळी घेतली नव्हती. का, विचारले तर म्हणाल्या, "आता कशाला घ्यायची?"

तोवर बातम्या आल्या होत्या. तो गोळा म्हणजे उल्कासुद्धा नव्हती. चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या लाँग मार्च ३बी या रॉकेटचा तिसरा टप्पा वर्षभराहून अधिक काळ पृथ्वीभोवती फिरत होता, तो वातावरणात शिरून जळाला, असे उपग्रहांचा माग ठेवणाऱ्या अभ्यासकांनी सांगितले. त्याचे सगळे तुकडे वर जळून गेले नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे मोकळ्या जागेत येऊन पडले. गावात सामुदायिक जेवणाची तयारी चालली होती. लोक घाबरून घरात पळाले. कोणाला इजा झाली नाही, ही देवाची कृपा.

आम्ही आजींना हे सगळे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि एवढेच विचारले, "पोरांनो, तुम्ही तर तुमच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग दुसऱ्याचं लिहिलेलं कशाला पाठवलंत?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. अजूनही नाही. म्हणूनच हा लेख.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. आकाशात असे काही दिसले की ख्रिस्ती माणसाचे पहिले काम त्याचा अर्थ लावणे हे नाही. पहिले काम साक्ष देणे हे आहे. जे पाहिले ते, जितके पाहिले तितके, आणि त्यात पदरचे काही न घालता. दहा आज्ञांमध्ये शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये अशी आज्ञा आहे. आपण ती कोर्टापुरती आहे असे समजतो. पण त्या रात्री आम्ही देवाच्या नावाने जी साक्ष दिली ती खोटी होती. माणसाने अंतराळात टाकून दिलेल्या भंगारावर आम्ही देवाची सही ठोकली.

हे काही आमच्याच हातून पहिल्यांदा घडले असे नाही. ७ नोव्हेंबर १४९२ रोजी अल्सास प्रांतातल्या एन्सिसहाइम गावाबाहेर गव्हाच्या शेतात मोठा आवाज होऊन एक दगड पडला. पडताना पाहणारा एक मुलगा होता. लोक धावले, तुकडे फोडून नेऊ लागले. थोड्याच दिवसांत राजा मॅक्सिमिलियन तिथे आला. त्याचे फ्रान्सशी भांडण चालू होते. दगड म्हणजे देव आपल्या बाजूने आहे याची खूण, असे त्याने ठरवले आणि तो गावच्या चर्चमध्ये ठेवायला सांगितला. शतकानुशतके तो चर्चमध्ये होता. आज तो त्याच गावच्या संग्रहालयात आहे. त्या गोष्टीत आम्हाला राजापेक्षा तो मुलगा जवळचा वाटतो. मुलाने सांगितले, दगड पडला. राजाने सांगितले, दगड माझ्यासाठी पडला. पाचशे वर्षांनंतर मुलाचे म्हणणे अजून खरे आहे. चिन्हाचा अर्थ लावणारा माणूस बहुतेक वेळा आपल्या मनातलेच आकाशात वाचतो. राजाला विजय दिसला. आम्हाला शेवट दिसला, कारण कोविडची दोन वर्षे आम्ही कबरस्तानाच्या फेऱ्या घालूनच काढली होती.

दुसरी गोष्ट १८३३ सालची. नोव्हेंबरच्या १३ तारखेला पहाटे अमेरिकेत आकाशातून उल्कांचा अक्षरशः पाऊस पडला. न्यायाचा दिवस आला म्हणून पुष्कळ लोक गुडघे टेकून रडले. येल महाविद्यालयातले डेनिसन ओल्मस्टेड हे शिक्षक मात्र वेगळे वागले. ज्यांनी पाहिले त्यांनी काय पाहिले ते लिहून कळवावे, अशी विनंती त्यांनी वर्तमानपत्रातून केली. साध्या लोकांची पत्रे आली. ती जुळवून पाहता लक्षात आले की सगळ्या उल्का सिंह राशीतल्या एकाच बिंदूपासून निघताना दिसल्या होत्या, म्हणजे त्या हवेतल्या वाफा नव्हत्या, बाहेरून येत होत्या. उल्काशास्त्राचा पाया असा सामान्य माणसांच्या खऱ्या साक्षीवर घातला गेला. भीती त्या पहाटे हजारोंना वाटली असेल. उपयोगी पडली ती पाहणाऱ्यांची पत्रे.

कोणी म्हणेल, पण शास्त्रात तर आकाशातल्या चिन्हांविषयी लिहिले आहे. तुम्ही ते नाकारता का? नाही, नाकारत नाही. लूकच्या एकविसाव्या अध्यायात सूर्य, चंद्र आणि तारे यांत चिन्हे होतील असे प्रभू स्वतः सांगतो. पण त्याच ठिकाणी तो आपल्या लोकांना डोके वर करायला सांगतो, दिवा लावून कोपऱ्यात थरथरत बसायला सांगत नाही. तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, हेही त्यानेच सांगितले. यिर्मया संदेष्टा तर स्पष्ट बजावतो की इतर राष्ट्रे आकाशातल्या चिन्हांना घाबरतात म्हणून तुम्ही घाबरू नका. आणि परूश्यांनी आकाशातून चिन्ह दाखव म्हणून प्रभूला गळ घातली, तेव्हा त्याने योनाच्या चिन्हाशिवाय दुसरे काही द्यायचे नाकारले. योनाचे चिन्ह म्हणजे तीन दिवसांनी उघडलेली कबर. आपल्याला मिळालेले चिन्ह ते आहे. ते हातात असताना आपण रॉकेटच्या तुकड्यामागे का धावावे?

दुसरा आक्षेप आम्हाला जास्त जड गेला. आजींनी त्या रात्री खंडव्याच्या आपल्या मुलीला फोन केला. दोन वर्षे मायलेकींचे बोलणे नव्हते. त्या रात्री दोघी रडल्या आणि पुढच्या आठवड्यात मुलगी घरी आली. ग्रुपवर कोणीतरी लगेच म्हणाले, पाहा, संदेश खोटा असला तरी फळ चांगले आले ना?

फळ चांगले आले, आणि त्याबद्दल आम्ही देवाची स्तुती करतो. पण योसेफाच्या भावांनी त्याला विकले, त्यातूनही देवाने पुष्कळांचे प्राण वाचवले. म्हणून भावांनी विकले ते बरे केले असे कोणी म्हणत नाही. देव आमच्या चुकीतूनही वाट काढतो. तो त्याचा मोठेपणा आहे, आमच्या चुकीचे प्रशस्तिपत्र नाही. शिवाय आजींनी गोळी घेतली नव्हती. त्या रात्री काही बरेवाईट झाले असते तर कोणते फळ दाखवले असते?

एक चूक दुसऱ्या बाजूनेही झाली. आमच्यातल्या काही तरुणांनी, खरी बातमी कळल्यावर, घाबरलेल्या वडीलधाऱ्यांची थट्टा केली. रॉकेटला देव समजले म्हणून चित्रे फिरवली. हेही साक्षीत बसत नाही. ज्याला आधी कळले त्याने ज्याला कळले नाही त्याच्याजवळ जाऊन बसायचे असते. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी सकाळी रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे २० मीटर व्यासाची उल्का फुटली. लखलखाट पाहून लोक खिडक्यांशी धावले. प्रकाश क्षणात पोहोचतो, पण हवेचा धक्का मागून येतो. दोनेक मिनिटांनी तो आला आणि काचा फुटून सुमारे १,५०० लोक जखमी झाले. एका शाळेतल्या शिक्षिकेने मात्र लखलखाट दिसताच मुलांना बाकांखाली शिरायला सांगितले. ती स्वतः काचांनी कापली गेली, मुलांना खरचटलेही नाही. वर काय चालले आहे हे तिलाही ठाऊक नसणार. पण आपल्या ताब्यात कोण आहे हे तिला ठाऊक होते. आम्हाला वाटते, आकाशात अग्नी दिसल्यावर ख्रिस्ती माणसाने काय करावे याचा सगळा धडा तिथेच आहे.

आता थोडे कामाचे सांगतो. शब्बाथ शाळेतल्या मुलांना आम्ही हे शिकवले आहे, आणि ती मोठ्यांपेक्षा चांगली शिकली. शुक्राच्या चांदणीपेक्षाही जास्त तेजाने चमकणाऱ्या उल्केला अग्निगोल म्हणतात. खरी उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर इतक्या वेगाने येते, म्हणून बहुधा दोनचार सेकंदांत खेळ संपतो. रॉकेटचा किंवा उपग्रहाचा तुकडा सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने आडवा येतो, त्यामुळे तो सावकाश जाताना दिसतो, तुकडे ओळीने चालतात, आणि दृश्य मिनिटभरसुद्धा टिकू शकते. आमच्या गच्चीवर तेच दिसले होते. कोणी शांतपणे मोजले असते तर अर्धे उत्तर तिथेच मिळाले असते.

तेव्हा पाहिले की आधी घड्याळ पाहावे. मनात एक-दोन-तीन मोजावे. कुठून आला आणि कुठे गेला ते ओळखीच्या खुणेने लक्षात ठेवावे: पाण्याच्या टाकीवरून आला, कडुलिंबामागे गेला. हात ताठ करून मूठ धरली की ती आकाशातले सुमारे दहा अंश झाकते. क्षितिजापासून किती मुठी वर दिसला ते मोजावे. रंग कोणता, तुकडे झाले का, आवाज आला का आणि किती वेळाने, हे लिहावे. आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर चालतो, म्हणून साठ किलोमीटरवर फुटलेल्या उल्केचा गडगडाट तीन मिनिटांनी येतो. तोवर खिडकीपासून दूर राहावे. आणि एकमेकांशी बोलण्यापूर्वी लिहावे. हे फार महत्त्वाचे. त्या रात्री आम्ही चौघांनी आठवून सांगितले तेव्हा गोळा एकाच्या मते हिरवा होता, दुसऱ्याच्या मते नारिंगी, आणि तिसऱ्याला आवाजही आला होता. चर्चा जितकी वाढली तितका गोळा मोठा होत गेला. अशी लिहिलेली माहिती आंतरराष्ट्रीय उल्का संघटना सामान्य लोकांकडून स्वीकारते. वेगवेगळ्या गावांतल्या लोकांनी खरे सांगितले तर उल्केचा मार्ग काढता येतो आणि कधी कधी पडलेला दगडही सापडतो.

या मोजमापाने देवाचा महिमा कमी होतो असे कोणाला वाटू नये. व्हॅटिकनच्या वेधशाळेत उल्कापाषाणांचा मोठा संग्रह आहे आणि तिथले धर्मसेवक प्रार्थनाही करतात, सूक्ष्मदर्शकही वापरतात. एकोणिसाव्या स्तोत्राचा कर्ता आकाशाला देवाच्या गौरवाचा साक्षीदार म्हणतो. आकाश आपली साक्ष खरीच देते. लखलखणारी लहानशी उल्का म्हणजे बऱ्याचदा वाटाण्याएवढा खडा असतो, पृथ्वीइतकाच जुना. आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला असाच एक मोठा पाषाण आदळून सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचे विवर झाले. खड्याएवढ्यातून उजेड आणि डोंगराएवढ्यातून सरोवर. त्याची हस्तकृती पाहायला अफवेची गरज नाही. उलट लाडबोरीच्या त्या कड्याकडे पाहून आपण वेगळाच प्रश्न विचारायला हवा: देवाने सोपवलेल्या आकाशातही आपण कचरा करतो आणि तो गरिबाच्या अंगणात पडतो, याचा जाब कोण देणार?

शेवटी मूळ मुद्द्यावर येतो. आपला सगळा विश्वास साक्षीवर उभा आहे. योहान आपल्या पहिल्या पत्राच्या आरंभीच सांगतो की आम्ही जे ऐकले, डोळ्यांनी पाहिले, हातांनी चाचपले, तेच तुम्हाला कळवतो. पुनरुत्थानाच्या पहाटे कबरेकडे गेलेल्या स्त्रियांनी पाहिले तेवढेच येऊन सांगितले. शिष्यांना ती बडबड वाटली, तरी त्यांनी त्यात तिखटमीठ घातले नाही. दर ईस्टरला आपण शेजाऱ्यांसमोर उभे राहून म्हणतो, प्रभू खरोखर उठला आहे. त्या शेजाऱ्यांनी जर गेल्याच आठवड्यात आपल्याकडून रॉकेटचा कडूदवणा ऐकला असेल, तर या "खरोखर"वर त्यांनी का विश्वास ठेवावा? लहान गोष्टीत ज्याची साक्ष खोटी ठरली, त्याची मोठ्या गोष्टीतली साक्ष कोण ऐकेल?

म्हणून आमच्या ग्रुपवर आता एक साधा नियम आहे. आकाश, भूकंप, रोगराई, युद्ध यांविषयी कोणताही संदेश आला तर तो पुढे पाठवण्याआधी विचारायचे: हे मी स्वतः पाहिले आहे का? नसेल तर ज्याने पाहिले त्याचे नावगाव मला ठाऊक आहे का? दोन्हींचे उत्तर नाही असेल तर बोट थांबवायचे. आणि ग्रुपवर काही लिहिण्याआधी एकट्या राहणाऱ्यांना फोन करायचा. आजींचा नंबर त्या यादीत पहिला आहे. मागे एकदा रात्री जोराची वीज कडाडली तेव्हा आम्ही फोन करण्याआधी त्यांचाच फोन आला: "घाबरला नाहीत ना रे? मी गोळी घेतली आहे."

आपण प्रार्थना करू या. हे प्रभू, आकाश तुझे आहे आणि आमची जीभही तुझी आहे. जे दिसते ते नीट पाहायला आम्हाला डोळे दे, पाहिले तेवढेच बोलायला धैर्य दे, आणि जो घाबरला आहे त्याच्याजवळ बसायला वेळ दे. तू येशील तेव्हा आम्ही खरे बोलत असलेले तुला सापडू दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.